सगळ्या ओळी सत्यशीलाच्या नावावर

सत्यशीला मगरे बदनापूरहून रोज सकाळच्या गाडीने जालन्याला यायची. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत ती प्रोग्रामर होती. साल २००६. खोलीत तिच्यासह चौघं, आणि चौघांनी मिळून लिहिलेला एकच मोठा प्रोग्राम. कुठल्या लॉटचं बी किती टक्के उगवलं, तो लॉट विक्रीला पास की नापास, हे तो प्रोग्राम ठरवायचा.

प्रोग्राममध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी व्यवस्था सत्यशीलानेच कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवली होती. पण ती काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करून चालवावी लागे, आणि बाकीच्या तिघांना त्या स्क्रीनची धास्ती. "तूच टाक बाई," म्हणत ते आपापल्या फायली पेन ड्राइव्हवर तिच्या हातात ठेवत. संध्याकाळची गाडी गाठायच्या घाईत ती सगळं आपल्याच नावाने जमा करून टाकायची. दोन वर्षं हे असंच चाललं.

मग एकदा दोघांनी एकच फाइल बदलली आणि एकाचं अजून जमा न झालेलं आठवड्याचं काम पुसलं गेलं. विभागाचे प्रमुख काकासाहेब वैतागले.

"माऊसनं चालंल असं काहीतरी शोधा. ज्याचं काम त्यानंच टाकायचं."

सत्यशीलाने दोन साधनं पंधरा दिवस वापरून पाहिली. एक वेगळ्या खिडकीत उघडायचं, दिसायला नीटनेटकं. दुसरं कासवाच्या चित्राचं. ते फोल्डरमध्येच बसायचं. फाइल जशीच्या तशी असली की तिच्यावर हिरवी खूण, बदललेली असली की लाल. शिवाय त्याच्या मेनूत एक आज्ञा होती, 'ब्लेम', म्हणजे दोष कोणाचा. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे ओळ जमा करणाऱ्याचं नाव येई. सत्यशीलाने कासव निवडलं.

भुजंग तौर हे वडीगोद्रीचे, चौघांत सगळ्यात जुने. सत्यशीला नोकरीला लागली तेव्हा तिला त्यांनीच हाताशी धरून शिकवलं होतं. त्यांना मात्र कासव नको होतं.

"ते पहिलंच बराबर हाय. ओळीओळीचा पंचनामा कशाला पाह्यजे?"

"सर, चूक लवकर सापडंल ना."

"चूक सापडती का माणूस?" असं म्हणून ते उठून गेले. सरांचा हट्ट, एवढंच तिला वाटलं.

त्याच आठवड्यात अंबडच्या दुकानांतून उन्हाळी बाजरीच्या पिशव्या परत यायला लागल्या. बी धड उगवत नव्हतं. बाजरीला निदान पंचाहत्तर टक्के उगवण हवी, आणि अडुसष्ट-सत्तरचे नऊ लॉट प्रोग्रामने पास केले होते.

काकासाहेबांनी चौघांना बोलावलं. "तुमच्या त्या कासवाला विचारा, हे कोणी केलं."

सत्यशीलाने सगळ्यांसमोर फाइल उघडली. ओळ लगेच सापडली; बाजरीपुढे पंचाहत्तरऐवजी पासष्ट. आणि डाव्या बाजूला तिचं नाव. फक्त त्याच ओळीला नव्हे, वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीला तेच नाव.

"सर, सगळ्यांचं मीच जमा करत होते. ही ओळ माझी न्हाई."

"मंग कोणाची?"

तिने भुजंग सरांकडे पाहिलं. ते समोरच्या कागदावर पेनाने रेघोट्या ओढत होते.

"मशीन खोटं बोलून राह्यलंय का?" काकासाहेब म्हणाले. "लेखी खुलासा द्या."

दुपारी जिन्यात भुजंग सरांनी तिला गाठलं. "कापसाचा आकडा होता तो. कॉपी केल्ता, बदलायचा राह्यला."

"मंग सांगा ना काकासाहेबांना."

"सांगतो. वरच्या जागेसाठी माझं नाव गेलंय, तेवढं होऊ दे."

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त तिच्याकडे होता. एक आज्ञा दिली असती, तर त्या ओळीपुढचं नाव बदलून भुजंग तौर झालं असतं. ते खरंही ठरलं असतं. तिने आज्ञा अर्धी टाइप केली. मग तिच्या मनात आलं, आपणच नोंदीला हात लावला तर उद्या तिच्यातल्या कुठल्या नावावर कोण विश्वास ठेवील? तिने ती आज्ञा पुसली. खुलाशात लिहिलं : ओळ मी लिहिलेली नाही, पण न वाचता माझ्या नावाने जमा केली, ती चूक माझी. कोणी लिहिली, ते तिने लिहिलं नाही. सर स्वतः सांगतील, असं तिला अजून वाटत होतं.

भुजंग सरांनी सांगितलं नाही. जूनमध्ये त्यांना वरची जागा मिळाली. सत्यशीलाचं नोकरीत कायम होणं सहा महिने लांबलं. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर कासव बसलं, प्रत्येकाला आपापलं नाव मिळालं.

भुजंग सरांशी ती पुढे कामापुरतंच बोलायची. एकदा वडिलांनी घरी विचारलं, "तुझे सर बरे हायत ना?" ती "हो" म्हणाली आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.