सुईनं सांगितलं तेवढं

विज्ञान वाढलं की माणसं आपोआप न्यायानं वागतील, असं कुणी म्हणालं की मला अजून संताप येतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण संतपूरला दिली होती. दसऱ्याच्या सुमारास तिच्या मनगटावर पांढरा डाग उठला. पुढं ज्वारीची काढणी, मळणी तिनंच केली. ज्वारी पेवात पडली आणि मग तिच्या सासऱ्याला तो डाग दिसला! जनवाड्याला आमच्या दारात तिला सोडून ते म्हणाले, "महारोग हाय. खोटं वाटत असंल तर डॉक्टराकडून लिहून आणा, मी सोता न्यायला येतो."

मी हिशेबी माणूस. पुरावा मिळाला की वाद मिटला, एवढंच मला ठाऊक. तिला बिदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचे डोळे बांधून डागावर सुई टोचली. ती दर वेळी कळवळली. महारोगात टोचलेलं कळत नाही, हे नुसतं कोड आहे, कुणाला लागत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. मी म्हणालो, "हिला नांदवलं पाहिजे, हेही लिहा की."

ते हसले. "वो बात सुई से नै मालूम होती, भाई."

कागद घेऊन संतपूर गाठलं. सासऱ्यांनी तो वाचून घेतला.

"रोग न्हाई, व्हय. पण पावणं, घरात दोन पोरी लग्नाच्या हायत. दवाखान्याला त्यातलं काय कळतंय?"

"शब्द तुम्हीच दिला होता."

"त्यो रोगाचा दिला होता."

आमच्या गावचे मास्तर म्हणाले, "अडाणी लोक. त्यांना शास्त्र समजलं नाही." समजलं नाही कसं? चांगलं समजलं होतं! महारोगाची खरी भीती असती, तर सुगीभर त्याच हातची भाकरी त्यांच्या गळ्याखाली उतरली असती का?

पुढच्या सुगीला त्यांचा गडी दारात उभा राहिला.

"अप्पा म्हणायलेत, डॉक्टरानं रोग न्हाई म्हणून लिहिलंय न्हवं, मग पाठवून द्या. ज्वारी काढणीला आलीया."

मी तोंड उघडायच्या आत बहीण चुलीपुढून उठून आली.

"सांग तुझ्या अप्पाला, डाग वाढलाय."

गड्यानं तिच्या मनगटाकडं पाहिलं. "तेवढाच तर दिसायलाय की, अक्का."

"तुला न्हाई दिसायचा. त्येन्ला मळणी झाल्यावर बरोबर दिसतोय."