पडलेल्या पाटीतला बाण

हे मी कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या लेकीजवळ नाही. नमाजाच्या चटईवर बसले तरी बाकीचं सगळं मागायची, आणि हे तेवढं गिळून टाकायची. तुम्ही परके आहात, म्हणून बरं. बघते, तोंडातून निघतंय का.

आमचं घर मंगळवार पेठेत. धंदा शोभेच्या दारूचा. महाराजांच्या हाती नुकता संस्थानाचा कारभार आला होता त्या काळातली गोष्ट. लग्न असो, उरूस असो, आमच्या घरचे बाण उडाल्याशिवाय लोकांना समाधान नसायचं. सासरे मसाला मिसळायचे. सोरा, गंधक आणि तुराट्यांचा कोळसा. माझे मालक आणि धाकटा दीर रसूल बाण उडवायला जायचे. घरातलं काम आम्हा दोघी जावांकडं. मी थोरली. कागदाला खळ लावून नळ्या वळायच्या, खालचं मातीचं तोंड बसवायचं, हे माझं. आणि ठासणं धाकट्या जुलेखाचं.

ठासणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाहीतर माझं पाप तुम्हाला कळायचं नाही.

बाण वर जातो तो आतल्या धुराच्या जोरावर. मसाला पेटतो, धूर कोंडतो, खालच्या बारक्या तोंडातून जोरानं बाहेर सुटतो — आणि नळी वर ढकलली जाते. तोंड मोठं झालं तर बाण जागीच फुसफुसतो, फार बारीक झालं तर फुटतो. पण खरी मेख आत असते. मसाला थोडा थोडा घालून लाकडी मोगरीनं असा ठोकायचा, की तो दगडासारखा एकजीव झाला पाहिजे. मग आग त्याला वरवरून, सावकाश खात जाते. आत कुठं फट राहिली तर आग त्या फटीत शिरते, सगळं एकदम पेटतं, एवढा धूर त्या तोंडातून मावत नाही. मग नळीच फाटते.

जुलेखाचा हात असा बसायचा की सासरे कधी कुणाला चांगलं म्हणत नसत, ते तिला म्हणायचे. माझ्यासमोर म्हणायचे. मी नळ्या वळत खाली मान घालून ऐकायची. तुम्हाला वाटेल, एवढ्यानं काय होतं? होतं.

एका मानकऱ्याच्या घरचं लग्न होतं. रंकाळ्याच्या काठावर दारूकाम, खुद्द महाराज येणार म्हणून बोलवा. आदल्या दिवशी दुपारी तयार बाणांची पाटी मी माळ्यावरून उतरवत होते. घरात कुणी नव्हतं. जुलेखाचा भाऊ मुरगूडहून येऊन राहिला होता, ती त्याला वाटेला लावायला गेली होती. शिडीवर माझा पाय लुगड्यात अडकला. मी सावरले. पाटी गेली.

फरशीवर बाण गडगडले. मी एकेक उचलून बघितला. कागद शाबूत, तोंड शाबूत. पण सासऱ्यांनी पहिल्या दिवसापासून बजावलेलं होतं, "हातनं बाण पडला तर मला सांगायचं. वरनं काय दिसत न्हाय. तडा आत जातो." पडलेला बाण ते पाण्यात बुडवून फोडायचे. सांगितलं असतं, तर सगळी पाटी फोडली असती, रात्रभर सगळ्यांनी राबून थोडेफार नवे केले असते. आणि मला बोलले असते — जुलेखाच्या देखत.

मी पदरानं धूळ पुसली. बाण पाटीत परत लावले. जुलेखा आली तेव्हा मी भाकरी थापत होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तळ्याकाठी ही गर्दी. बायकांच्यात मी उभी, शेजारी जुलेखा. मालक बाण जमिनीत रोवलेल्या मेढीला टेकवायचे, वात पेटवायचे आणि मागं सरायचे. पहिला गेला. लोक ओरडले. दुसरा गेला. दर बाण वर जाऊन फुलला की वाटायचं, काही झालेलं नाही, तडा गेलाच नसेल. अजून ओरडून थांबवता आलं असतं. चार पावलांवर तर मालक होते! जुलेखानं माझा हात धरला, म्हणाली, "आक्का, हात किती गार पडलाय तुमचा."

आणि मालकांनी वात लावली, ते मागं सरायच्या आत बाण मेढीवरच फाटला.

त्यांचे डोळे गेले. दोन्ही.

आता वाटेल, हेच ते, हेच सांगायचं होतं. नाही. एवढंच असतं, तर मी केव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं.

सकाळी सासरे काठावरून फाटक्या नळीचे तुकडे घेऊन आले. उंबऱ्यात बसून बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "ठासणं कच्चं ऱ्हायलंय." सगळे उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "थोरले, तू घरात हुतीस. काय झालंतं?"

मला विचारलं होतं. सरळ, मलाच हाक मारून.

मी म्हणाले, "ठासायच्या दिशी तिचा भाऊ आलता. तिचं ध्यान ठासण्यात नव्हतं."

जुलेखा आपल्या हातांकडं बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

रसूलनं तिला मुरगूडला पोचवलं, ते कायमचं. पुढं दुसरं लग्न केलं. माझे मालक अंगणात बसून हातानं चाचपून कागद वळायचे. एकदा आपणहून म्हणाले, "तिला आणा की परत. चूक कुणाची हुत न्हाय?" मी म्हणाले, "तुमच्या डोळ्यांकडं बघून माझ्यानं ते व्हायचं न्हाय." त्यांना वाटलं, बायकोची माया. त्यांनी माझा हात थोपटला.

सासरे वारले तेव्हा जुलेखा मुरगूडहून बैलगाडीनं आली. केस पिकले होते. भावाच्या घरी शेण-गोठा करून दिवस काढत होती. बायका उठून गेल्या, तशी ती माझ्याजवळ सरकली. मला वाटलं, हिला कळलंय. एवढ्या वर्षांत हिनं विचार केला असेल, की आपण तर चांगलं ठासलं होतं. आता विचारणार. मी तयार झाले. खरंच — विचारलं असतं, तर सांगितलं असतं असं मला अजून वाटतं. पण त्याला काय अर्थ?

तिनं माझे पाय धरले.

"आक्का," ती म्हणाली, "माझाच हात हलका पडला असंल. मला आठवत न्हाय, पर पडला असंल. तुमच्या मालकांचं डोळं माझ्या हातनं गेलं. मला माफी करा."

बाहेर अंगणात मालक खोकत होते. दार उघडं होतं. ती रडत होती, आणि तिची बोटं — मोगरी धरून धरून जाड झालेली — माझ्या पावलांवर होती.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ दे. मी कवाच माफ केलंय तुला."

तिला केवढं बरं वाटलं. डोळे पुसून ती त्याच गाडीनं मुरगूडला गेली.