लायब्ररी रोज नव्या जागी अडायची

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने पिशवी गाठ मारून दिली तर मी ती तिथेच सोडून बघते. कंपनीत या गुणाचं कौतुक होतं, कारण दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका मला पटकन सापडतात. घरात त्याचं काय होतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

आई गेल्यावर मी पुण्याहून भिलाईला आले. बाबा तिथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर सेक्टर दोनचं क्वार्टर सोडून जवळच्याच कुरुद वस्तीतल्या घरात राहायला आले होते आणि आता एकटेच होते. कंपनीने मला घरून काम करू दिलं, पण कुरकुरत. मग एका सोमवारी मॅनेजरने स्पष्टच सांगितलं: जुन्या स्कॅन केलेल्या नकाशांवरची अक्षरं वाचणारा प्रोग्राम शुक्रवारच्या मीटिंगमध्ये चालवून दाखव. चालला तर तिथेच राहा, नाही तर पुण्याला ये. बाबांना तर माझं इथे राहणं पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. पुण्याची खोली सोडली नाहीस ना, असं ते दर दोन दिवसांनी विचारायचे.

प्रोग्राम चालायला एक ओपन सोर्स लायब्ररी लागत होती. जगभरच्या लोकांनी फुकट लिहून ठेवलेला कोड घ्यायचा आणि आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बनवून घ्यायचा. कंपनीच्या लॅपटॉपवर असलं काही करायला बंदी, म्हणून मी बाबांचा डेस्कटॉप घेतला. ते त्यावर पहाटे पेपर वाचत. मशीन त्यांचं, पासवर्डही त्यांचाच.

मशीन जुनं होतं. सकाळी आठला कंपाइल लावलं की साडेनऊपर्यंत एकेक तुकडा तयार व्हायचा आणि शेवटच्या चाचणीत गाडी अडायची. मग मी कोडमधली चूक शोधायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा चालवायचे, आणि तीच चूक जशीच्या तशी पुढे उभी राहायची. दहाला मीटिंग, त्यानंतर दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचं बाकीचं काम. दुसऱ्या दिवशी बनलेले सगळे तुकडे पुसून पहिल्यापासून सुरू करावं, तर कालची चूक नाहीशी झालेली आणि गाडी भलत्याच ठिकाणी अडलेली. काल दोन-तीनदा करून न लागलेली दुरुस्ती आज मी हात न लावता लागली होती.

पहिला संशय लायब्ररी लिहिणाऱ्यांवर गेला. त्यांच्या फोरमवर मी एक तिखट मजकूरही टाकला. एकाने सभ्यपणे विचारलं, कंपाइल होताना काही इशारे येतात का? येत होते. फायलींची वेळ पुढची दिसते, अशी एक ओळ रोज यायची. पण तो नुसता इशारा होता आणि असल्या ओळी शेकड्याने येतात. मशीनचं घड्याळ रोज सकाळी पुढे गेलेलं असायचं हे मला दिसत होतं. इंटरनेटवरून आपोआप वेळ घेणारं बटणही बंद सापडायचं. मीटिंग चुकू नये म्हणून मी ते साडेनऊला, दुरुस्तीला बसण्याआधी चालू करायचे आणि सगळं मशीनमधल्या घड्याळाच्या बॅटरीच्या माथी मारायचे. पावर हाउसच्या बाजारातून नवी बॅटरी आणून बसवली. तरी घड्याळ पुढेच, तेव्हा दुकानदाराने जुना माल खपवला असं मी ठरवून टाकलं.

बुधवारी माउस नेहमीच्या जागेवरून हललेला दिसला. कोणी कधी लॉगिन केलं याची नोंद काढली, तर रोज पहाटे पावणेसहा. मी जेवताना बाबांना विचारलं, माझ्या कामाला हात लावता का?

"मी कायले हात लावू तुह्या कामाले? पेपर वाचतो अन् उठतो," ते म्हणाले आणि वरण वाढून घेतलं.

मला ते खोटं वाटलं. मी इथून जावं अशी त्यांची इच्छा होती, आणि काम बिघडलं की मी आपोआप जाणार होते. मी त्यांच्याकडे चोराकडे बघावं तसं बघत जेवले, हे आज लिहायलाही लाज वाटते.

गुरुवारी पहाटे उठून मी दाराशी उभी राहिले. बाबांनी पेपर वाचला. मग चष्मा वर सारून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, ते आपोआप वेळ घेणारं बटण बंद केलं, आणि मशीनची वेळ वीस मिनिटं पुढे केली.

प्लांटमधल्या माणसाच्या घरातलं घड्याळ पुढे असतं. गेटवर हजेरी चुकायला नको म्हणून आमच्या क्वार्टरमधली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे लावलेली असत. कुरुदलाही तसंच चाललं होतं. मला ते इतकं सवयीचं होतं की मी भिंतीकडे न बघता मोबाइल बघायचे. पण कंपाइल करणारा प्रोग्राम वेळेवरच विश्वास ठेवतो. कोडची फाइल तिच्या तयार तुकड्यापेक्षा नवी असेल तरच तो तुकडा पुन्हा बनवतो. सकाळचे तुकडे पुढच्या वेळेत बनायचे, मग मी घड्याळ मागे आणायचे, आणि त्यानंतरची माझी दुरुस्ती त्याला जुनी वाटायची. दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे नव्याने बनायचे, तेव्हा कुठे ती लागायची.

हे सगळं मला तिथल्या तिथे उमगलं, तरी तोंडातून जे यायचं तेच आलं. "बाबा, मी इथून जावं असंच वाटून राहिलं ना तुमाले?"

ते दचकले नाहीत. "हो, वाटते," म्हणाले. "माह्यापायी तू इथं अडकून राहिली, ते मले पाहवत नाही. पण तुही मीटिंग चुकावी असं नाही वाटत. तू जाशीन तं आपल्या मनानं जाशीन."

मी घड्याळ नीट केलं आणि सगळं पुसून पुन्हा लावलं. त्या दिवशी दुरुस्त्या एकामागून एक लागल्या आणि दुपारी चाचणी पार पडली. मॅनेजरला दोन शब्द कळवायचे होते, पण मी मेसेज लिहून तसाच ठेवला. फायलींच्या वेळेची ती ओळ इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती. बंद बटण मी रोज स्वतःच्या बोटाने चालू केलं होतं. दुसऱ्या कोणाच्या कामात मी हे पाच मिनिटांत पकडलं असतं. काम अडलं असतं तर मला पुण्याला जावंच लागलं असतं, आणि दोष बाबांवर गेला असता. मला परत जायचं होतं. ते स्वतः म्हणायची वेळ येऊ नये, इतकंच मी बघत होते.

बाबा चहा घेऊन आले आणि झालं का म्हणून विचारलं. झालं, मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी मान खाली घालून कप घेतला.