टोकलेली वेल

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आमच्या गोडदेव गावात तेव्हा भातशेती होती. वनस्पतिशास्त्राच्या वहीत झाडं वाळवून चिकटवायची, खाली नाव आणि उपयोग लिहायचा. बाबा माणसांना, गुरांना झाडपाला देत. त्यांनी मला सगळं दाखवलं, फक्त गुरांच्या पोटफुगीची वेल नाही.

एका दुपारी शेजारची काकी धावत आली. विधवा बाई, लावणी तोंडावर आणि दोन बैलांतला एक कोवळं गवत खाऊन फुगलेला.

"दादा, गोडं त्याल पाजलं, तरी बैल उठत न्हाय."

बाबा काही न बोलता निघाले. औषध आणायला निघालेल्या माणसाला टोकायचं नाही, हा नियम. जनावराच्या तोंडात रस जाईपर्यंत त्यानं बोलायचं नाही, कुणी त्याला विचारायचं नाही. नाहीतर त्या दिवसाचं औषध गेलं. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तरी मी वही घेऊन मागे गेले. मिठागराच्या बांधावर ते वाकले. वेल हातात धरली होती.

"बाबा, हिचं नाव काय?"

तोंडातून निघून गेलं. त्यांनी वेल सोडली.

काकीच्या अंगणात बैल आडवा पडून कण्हत होता. बाबांचे रिकामे हात तिने पाहिले.

"पाला?"

"पोरीनं टोकलं. आज न्हाय चालायचा."

"तसाच द्या, दादा. मी पाया परते."

"उलटला म्हंजे?"

मी म्हटलं, "बाबा, पाल्याला कान नसतात."

"पाल्याला न्हाय. मला हायेत."

मी बांधाकडे पळाले. तिथे तशा तीन-चार वेली होत्या. कोणती, ते मला सांगता येईना. सगळ्या ओरबाडून परत आले, तोवर बैलाची मान खाली टेकली होती. काकी त्याच्या शिंगाला धरून बसली होती. माझ्या हातातल्या पसाऱ्याकडे तिने पाहिलं.

"नाव गावलं का गो?" एवढंच म्हणाली.

त्या वर्षी तिची लावणी मागून आणलेल्या बैलावर, उशिरा झाली. बाबांनी पुढे गुरांना औषध दिलं नाही. कुणी आलं तर मान हलवत.

आणलेल्या वेलींची नावं सरांनी पटापट सांगितली. मी ती लिहिली. उपयोगाच्या जागी काय लिहावं, ते कळेना. त्यांतली एक लागू पडली असती की नाही, हे मला अजून माहीत नाही. जागा तशीच कोरी ठेवली. त्याचे गुण गेले.