भुजबलीची अर्धी डिस्क

लिही गं त्रिशला, मला लिवाय येत न्हाय. आदी हेच लिही, की भुजबली त्या खुर्चीत कुणाच्या दयेवर बसला न्हाय. मग बाकीचं सांगतो.

भुजबली म्हंजे माझ्या भावाचा ल्योक, मी त्येची आत्ती. सात वर्साचा असताना गोवर निघाली, ताप डोस्क्यात गेला आन डोळं गेलं ते गेलंच. भाऊ-वैनी गेल्यावर माझ्याकडंच वाढला. आता पस्तिशीला आलाय. लगीन केलं न्हाय. कुणी स्थळ काढलं की म्हणतोय, "आत्ती, पोरगी बघाय जाऊन मी बघू काय?" आन आपणच खदाखदा हसतोय.

त्येचं जेवायचं ताट ठरलेलं. मीठ वर, शेंगाची चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं, भाकरी म्होरं. जागा बदलली की हात चटणीत जातोय, म्हणून मी कदी बदलत न्हाय. आन आमी जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणार. त्येला दिवस कुठं दिसतोय? ल्हानपणी पोरांत जाऊन बसायचा. मग मी दारात उभं ऱ्हाऊन रिकामं ताट पळीनं वाजवत होतो. टण, टण, टणऽऽण. दोन बारीक, एक लांब. ऐकलं की भिंतीला हात लावत पळत यायचा. टेसनावरची घंटा वाजल्यागत वाटून गल्लीतली पोरं वरडायची, "भुज्या, तुझी गाडी आली रं!" आजून वाजवतो मी. पस्तिशीचा झाला म्हणून काय झालं!

बेळगावात आंधळ्यांच्या शाळंत शिकला. तिथनं कन्नड आन मराठी दोन्ही टाइप कराय शिकून आला. वर आणिक एक आणलं, बोलणारा कंप्युटर. म्हंजे पडद्यावर काय हाय ते मशीन तोंडानं सांगतंय, ह्यो कानानं ऐकतोय आन बोटानं लिवतोय. ते फुकटचं असतंय म्हणं, लिनक्स का काय. बरोबर लिवलीस न्हवं?

आमच्या गावच्या दूध सोसायटीत त्येला नोकरी लागली. संकेश्वरच्या अलीकडं आमचं गाव. माणसं बोलणार मराठीत, वरच्या हापिसाला कागद पायजे कन्नडात. मालुबाईची म्हस आजारी पडली, तर मालुबाई खुर्चीला टेकून सगळं गाऱ्हाणं सांगणार. म्हस कदीपासनं खात न्हाय, सून कशी बोलली, पावणं कवा आलतं. ह्यो सगळं ऐकणार, आन कन्नडात चार वळी लिवणार, डॉक्टर लावून द्या म्हणून. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात. मालुबाई म्हणायची, "सून बोलली ते बी लिवलंस न्हवं रं?" "व्हय आक्का, सगळ्यात वर तेच लिवलंय."

धा वर्सं आसं चाललं. मग जिनेंद्र सेक्रेटरी होऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट. जुना कंप्युटर मोडीत काढला आन नवा आणला. दुधाच्या पावत्या आता नव्या प्रोग्रामावर निघणार, तो प्रोग्राम विंडोजवरच चालतोय, आन तो काय बोलत न्हाय. भुजबली म्हणला, "साहेब, बाजूला माझा बोलणारा बसवूया."

"कंपनीनं सांगितलंय, त्यात दुसरं काय बी घालायचं न्हाय. तू आता दारात बस. कॅन आलं की नंबर पुकार. तुझा आवाज चांगला हाय."

"आन अर्ज कोण लिवणार?"

"लोकं संकेश्वरला जाऊन लिवून आणतील."

घरी येऊन ताटावर बसला. भाकरीला हात लावंना. मला वाटलं रडतोय. रडत न्हवता, त्येचं गणित चाललंतं. म्हणला, "आत्ती, त्या विंडोजला मी हात लावत न्हाय. डिस्कच दोन भागांत वाटतो. एका बाजूला त्येचं, एका बाजूला माझं. मशीन चालू करताना जे पायजे ते उघडायचं."

"येकमेकांत मिसळलं तर?"

त्येनं आपल्या ताटावरनं बोट फिरवलं. "चटणी कदी भाजीत गेली व्हय?"

दुसऱ्या दिवशी जिनेंद्रासमोर उभा ऱ्हायला आन म्हणला, अर्धी डिस्क द्या. जिनेंद्र हसला. "आंधळा मशीन कापणार?" हापिसातली बी हसली. ह्यो हललाच न्हाय. टपाल कुणाला लिवता येत न्हवतं, चार दिवसांत टेबलावर ढीग पडलाता, म्हणून जिनेंद्र शेवटाला म्हणला, "रविवारी सकाळचं दूध झालं की मशीन तुझं. संध्याकाळचं दूध आलं की माझं. एक पावती जरी चुकली, तर तुझी खुर्ची दारात. कायमची."

"कबूल," म्हणला.

रविवारी मी डबा घेऊन संगट गेलतो. एक आंधळा आन एक अडाणी, चांगली जोडी! त्येनं खिशातनं शाळंतल्या मास्तरांनी दिलेला पेनड्राइव्ह काढला, टोचला, मशीन चालू केलं. कान लावून बसला. टीं वाजलं. लगेच एक बटण दाबलं, आन मशीन बोलाय लागलं. इंग्रजीत, नाकातनं, सर्दी झाल्यागत. कापायच्या आदी त्येनं दुधाच्या पावत्यांचं सगळं दुसऱ्या एका डबीत, म्हंजे दुसऱ्या डिस्कवर, उतरवून ठेवलं, काय झालं तर हाताशी असावं म्हणून.

मग मोजामोजी चालली. मशीन आकडं सांगतंय, ह्यो बोटावर मोजतोय. एका जाग्याला थांबला. "आत्ती, आता कापतो. ह्येच्या म्होरं माघारी येता येत न्हाय."

मी णमोकार मंत्र म्हणाय लागलो. "मोठ्यानं म्हणू नगं, मला मशीन ऐकू येत न्हाय," म्हणला. मी व्हट मिटलं. त्येनं बटण दाबलं. लई वेळ मशीन काय बोलंना. पंखा तेवढा फिरतोय. मग ते सर्दीवालं परत बोललं, आन भुजबलीनं मांडीवर थाप मारली.

मी दुपार कलल्यावर घरी आलो, माझ्या म्हशीची धार काढायची हुती. ह्यो तिथंच बसून काय काय करत ऱ्हायला.

साडेपाचला कॅन आन त्येचा संध्याकाळचा डबा घेऊन गेलो तर रांग लागलीती. विंडोज उघडलंतं, पावत्या निघत हुत्या. जिनेंद्राचं तोंड पडलंतं. मी म्हणलं, जमलं. तवर मालुबाईनं पावती घेतली, नातवाला वाचाय दिली, आन वरडली, "आगं बया! दुपारचं बारा? भर दुपारी धार काढून आलो व्हय मी? का चोराची म्हस पिळली?"

सगळ्यांच्या पावतीवर दुपारचं बारा. भाईर दिवस कलाय आलाय, आन कागदावर डोक्यावर ऊन!

जिनेंद्र उठलाच. "एक पावती म्हणलोतो. इथं सगळ्याच चुकल्या." म्हणला आन भुजबलीच्या खुर्चीला हात घातला. भुजबलीनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. खुर्ची वढली, टेबल बी सरकलं, पर ह्यो उठंना.

"किती चुकलंय साहेब? बारा म्हंजे साडेपाच तास मागं न्हवं?"

"किती का असंना!"

"किती ते सांगा की. साडेपाच तासाचीच चूक असंल तर मला कळली. माझी हाय. माझ्या बाजूनं मशीनचं घड्याळ इलायतच्या टायमावर लावलं, तुमच्या बाजूनं तेच आपलं म्हणून वाचलं. दोन मिनिटांत नीट करतो."

"बोली काय झालीती?"

"बोली झालीती. मी चुकलो. आन तुमचा कंपनीवाला नवा प्रोग्राम बसवाय आला तवा त्येचं बी चुकलं, चार दिवस सगळी पावती हातानं लिवलीसा. त्येची खुर्ची कुठल्या दारात ठेवलीसा साहेब?"

मग मालुबाईनं कॅन दणकन खाली ठेवला. "दोन मिनिटं थांबतो आमी. म्हशी काय पळून जात न्हाईत."

भुजबलीनं मशीन बंद करून परत चालू केलं. आन त्या मशीनच्या पोटातनं आवाज आला. टीं, टीं, टीऽऽण.

दोन बारीक, एक लांब.

त्रिशला, माझा कॅन हातातनं सुटायचा ऱ्हायला. माझं ताट ते! दुपारी मी गेल्यावर त्येनं बसवलंतं. पडद्यावर दोन नावं आली की मशीन त्येला हाक मारतंय. बटणावर बोटं धावली, सर्दीवालं दोन शब्द बोललं, परत बंद, परत चालू, परत माझं ताट. विंडोज उघडलं. मालुबाईची नवी पावती निघाली. नातवानं वाचली, "पाच वाजून बेचाळीस." रांगेतल्या बायका हसाय लागल्या.

जिनेंद्रानं खुर्ची सोडली. पर मान कुठं सोडवतीय? म्हणला, "बरं. ऱ्हाऊ दे अर्धी. पर ते टीं टीं बंद कर. हापिस हाय का भांड्याचं दुकान?"

"न्हाय करणार."

"भुजबली!"

"साहेब, तुमच्या पडद्यावर डोंगराचा फोटो हाय म्हणं. तो मी काढा म्हणलो व्हय?"

दिवस मावळाय आलाता. भुजबलीनं टेबलावरच डबा उघडला, मी मीठ वर, चटणी डावीकडं लावून दिली, आन सगळ्या रांगेसमोर तो जेवला.

आता रोज सकाळी सातला सोसायटीत माझं ताट वाजतंय. गल्लीतली पोरं आजून वरडत्यात, तुझी गाडी आली म्हणून. खुर्ची हाय तिथंच हाय, अर्ज कन्नडात जात्यात, मालुबाई सुनंचं सांगतीच हाय.

आन एक ऱ्हायलं, तेबी लिही. मशीन चालू केलं की कुणी काय दाबलं न्हाय तर भुजबलीचंच उघडतंय. विंडोज पायजे असलं तर बाण दाबून खाली यावं लागतंय. जिनेंद्रानं चारदा सांगून बघितलं, माझं वर ठेव, मी सेक्रेटरी हाय.

भुजबली म्हणला, "तुमाला दिसतंय की साहेब. तुमी खाली या."