आबांना थांबवणारी सून

जमनावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो. डोळ्यांत औषधाचे थेंब होते, त्यामुळे पाणी वाहिलं ते कुणी मनावर घेतलं नाही… बरंच झालं. आज महिना होत आला, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसलो तर छाती अभिमानाने भरून येते. रडू नंतर येतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. साठ सालच्या सुमारास तापीकाठच्या आमच्या गुजर घरात आल्या. त्या काळी आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर नाकापर्यंत, आणि सांगायचं ते मधल्या माणसाकरवी. तो मधला माणूस मी. आबा, म्हणजे माझे वडील, दोन हातांवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू जाई; तरी वहिनी मला सांगत आणि मी तेच पुन्हा आबांना. आबाही उत्तर माझ्याच तोंडाकडे बघून देत. मला या कामाचा भारी कंटाळा होता.

आबांनी विहिरीवर ऑइल इंजिन बसवून पहिल्यांदाच केळी लावली होती. दुसऱ्या वर्षी ऐन वैशाखात इंजिन तापायला लागलं. पाव तास चाललं की बंद. म्हसावदहून मिस्तरी आला, त्याने इंजिन चाचपलं आणि सांगितलं, सगळं खोलून धुळ्याला न्यावं लागेल, पंधरा दिवस धरा. तोवर बाग आडवी होणार हे कळायला मिस्तरी नको होता. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळी वहिनींनी मला हाक मारली. "भाऊ, आबासले सांगा, खोलानी गरज नही. मझार खार बशेल शे, आपला बंबमा बसस तसा."

आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब रोज त्याच पेटवत. विहिरीच्या जड पाण्याने त्याच्या आत खाराचे पांढरे थर धरत, आणि त्या ते चिंचेच्या पाण्याने काढत. इंजिनाच्या पोटातून थंडाव्याला फिरणारं पाणीही त्याच विहिरीचं. मी निरोप सांगितला तेव्हा मुक्कामाला थांबलेला मिस्तरी हसला. आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "तिले सांग, कर म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं पाणी सोडून चिंचेचं गाळलेलं पाणी भरलं. इंजिन थोडं थोडं चालवलं, मग खालची तोटी उघडली. चहासारखं लाल पाणी आलं, त्यात पांढऱ्या खपल्या. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं… चौथ्या वेळी पाणी नितळ आलं. आता भरायचं ते तापीचं पाणी, ज्यात साबणाला फेस येतो. असा वहिनींचा हुकूम होता. मी बैलगाडीतून पिंपं उतरवायला गेलो. इकडे आबांना धीर निघेना. रिकामं इंजिन अजून तापलेलं, आणि त्यांनी विहिरीचं गार पाणी बादलीत घेऊन ते ओतायला उचललं. मधला माणूस जागेवर नव्हता.

"आबा, थांबा! पानी टाकू नका, इंजिन फुटी जाई!"

मी धावत आलो तेव्हा बादली आबांच्या हातातच होती. वहिनींचा पदर खांद्यावर आला होता. शेजारच्या मळ्यातली माणसं बघत होती. आबांनी बादली खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सरळ वहिनींकडे बघून विचारलं, "मंग आते काय करू, बेटा? तूच सांग."

"हात ठेवता यी इतलं गार होऊ द्या. मंग तापीनं पानी भरा."

दुपारी इंजिन सुरू झालं ते दिवस मावळेपर्यंत चाललं. केळी वाचली. पुढे बाजारात भेटेल त्याला आबा सांगत, "मन्ही सून मिस्तरी शे." माझं मधल्या माणसाचं काम सुटलं, ते कायमचंच.

परवा वहिनींच्या फोटोला हार घालायला मी स्टुलावर चढत होतो. माझी सून आतून ओरडली, "आप्पा, उतरा आधी! पडशाल ना!" मी मुकाट्याने उतरलो. हार तिनेच घातला.