जावयाचं पान

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. कुणी असलं काही सांगू लागलं की मी हसून उठून जायची. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलं... आता हसायचं कुणाला?

राज्य खालसा झालं, तंजावरच्या दरबारातली नोकरी गेली, तेव्हा वडील आम्हाला घेऊन कुंभकोणमला आले. कावेरीच्या घाटाजवळ आमचं घर. थोरल्या अक्काचा नवरा जहाजाने रंगूनला गेला तो गेलाच. वर्षानुवर्षं निरोप नाही. शेजारच्या विशालम् मामीकडे लग्न निघालं. त्याआधी सवाष्णी जेवायला बसवतात. अक्काला बोलावणं आलं नाही, तर अख्खी गल्ली तिला विधवाच धरणार होती. मग कुंकू नाही, केस नाहीत.

मामीला नसत्या चौकशा फार. रोज आमची जेवणं उरकली की विरजण मागायला मागच्या दारी हजर — डोळे मात्र आमच्या पानांवर! कोण जेवलं, काय टाकलं, सगळं हवं. आई म्हणाली, "बघायचंय ना? बघू दे." तिने एक जादा पाट मांडला. केळीच्या पानावर थोडा सांबार-भात वाढून चिवडला, आणि पान आतल्या बाजूला, पाटाकडे मिटलं. तृप्त झालेला माणूस तसंच मिटतो. बाहेरच्या बाजूला मिटतात ते मयताच्या जेवणात. मी तिथेच उभी होते. नंतर पानाला कुणी हात लावला नाही.

मामी आली. "अय्यो, माप्पिळ्ळै आले होते की काय?"

"हो, जावई आले, जेवले, लगेच निघाले," आई सहज म्हणाली.

मामी पाटासमोर बघतच राहिली. "मग पान असं का मिटलं हो?"

पान बाहेरच्या बाजूला मिटलेलं होतं. आईने घाईघाईने उघडलं... आत भाताचं शीतही नव्हतं.

मामी विरजण न घेताच गेली. आणि जन्मात पहिल्यांदा ती कुणापाशी काही बोलली नाही! उलट अक्काला बोलावणं आलं. अक्काने ते परत पाठवलं, आपल्या हाताने कुंकू पुसलं. आईने किती विनवलं तिला, काही उपयोग झाला नाही.

मांजराने खाल्लं म्हणाल. मांजर पान मिटतं का? मला आजवर उलगडा झालेला नाही. अक्काला उलगडा नकोच होता. रिकाम्या पाटाजवळ बसून तिने एवढंच विचारलं, "आई, तू थोडाच भात वाढला होतास ना गं? पोट भरलं असेल का त्यांचं?"